रायफलीवरील दिवा आणि त्याची बैठक

अंधारात शस्त्र घेऊन उभ्या असलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न नेम धरण्याचा नसतो, समोर कोण आहे हे ओळखण्याचा असतो. समोरची आकृती शत्रूची असेल, सहकाऱ्याची असेल किंवा भेदरून कोपऱ्यात दडलेल्या एखाद्या निरपराध माणसाचीही असेल. रायफल धरण्यात दोन्ही हात गुंतलेले असल्याने हातबत्ती धरावयास तिसरा हात उरत नाही. म्हणूनच दिवा शस्त्रालाच जोडण्याची पद्धत रूढ झाली. हे जोडणे वरवर पाहता दोन-चार स्क्रूंचे काम वाटते. परंतु ते समजून न घेता केल्यास दिवा ऐन वेळी ढळतो, आणि ज्यासाठी तो बसविला तो हेतूच निष्फळ होतो.

एका मापाची गरज

नळीभोवतीच्या ज्या आवरणावर पुढचा हात असतो, त्याला हँडगार्ड म्हणतात. नळी तापते, तिच्यापासून हाताचे रक्षण करणे एवढेच या आवरणाचे मूळ काम होते. त्यावर आणखी काही बसवावे लागेल, हा विचार जुन्या रायफलींच्या रचनेत नव्हता. ५ मे १९८० रोजी लंडनमधील इराणी वकिलातीत ओलिसांच्या सुटकेसाठी शिरलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या सबमशीनगनांवर साध्या विजेऱ्या बसविलेल्या होत्या. त्या काळी अशा प्रत्येक जोडणीसाठी निराळी पकड तयार करावी लागे. एका शस्त्राची पकड दुसऱ्यास चालत नसे.

दुर्बीण बसविण्यासाठी आडव्या खाचांची पट्टी मात्र त्यापूर्वीपासून प्रचारात होती. अमेरिकेतील विल्यम वीव्हर यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्या खाचेची रुंदी ४.५७ मि.मी. होती, परंतु दोन खाचांमधील अंतर ठरलेले नव्हते. निरनिराळ्या कारखान्यांच्या वस्तू एकमेकींवर बसतील याची शाश्वती नसे. ही उणीव अमेरिकी सैन्याने दूर केली. न्यू जर्सी राज्यातील पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखले जाणारे मानक फेब्रुवारी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार खाचेची रुंदी ५.२३ मि.मी., खोली ३ मि.मी. आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर १०.०१ मि.मी. असे निश्चित झाले. वीव्हर पट्टीसाठी केलेली वस्तू बहुधा पिकॅटिनी पट्टीवर बसते. उलट पिकॅटिनीसाठी केलेल्या वस्तूची आडवी कड वीव्हरच्या अरुंद खाचेत शिरत नाही. फरक अवघ्या पाऊण मिलिमीटरहून कमी. परंतु जोडणी होणे वा न होणे त्यावर अवलंबून असते. पुढे २००९ मध्ये नाटो संघटनेने याच पट्टीचे सुधारित मेट्रिक मानक स्वीकारले.

भारतीय शस्त्रांतही हा बदल दिसतो. इन्सास रायफलीच्या मूळ रचनेत अशी पट्टी नव्हती. उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे तयार होणाऱ्या एके-२०३ रायफलीच्या वरच्या झाकणावर व हँडगार्डवर ती मुळातच असते. पुण्याच्या आयुध संशोधन आणि विकास आस्थापनेने आराखडा केलेल्या कार्बाइनवरही अशी पट्टी आहे.

अखंड पट्टीकडून खाचांकडे

हँडगार्डच्या चारही बाजूंना अखंड पट्ट्या असल्या की वजन वाढते, आणि करवतीसारख्या कडांमुळे हातालाही त्रास होतो. शिवाय एका दिव्यासाठी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर पट्टी पुरते. म्हणून हँडगार्डला केवळ भोके किंवा खाचा ठेवाव्यात आणि हवी तेथेच लहान पट्टी बसवावी, असा विचार पुढे आला. २०१२ मध्ये किल्लीच्या भोकासारख्या आकाराची ‘कीमॉड’ पद्धत आणि २०१४ मध्ये लांबट खाचांची ‘एम-लॉक’ पद्धत बाजारात आली. अमेरिकी नौदलाच्या क्रेन येथील केंद्राने दोहोंच्या तुलनात्मक चाचण्या घेतल्या. वस्तू काढून पुन्हा बसविली असता ती पूर्वीच्याच जागी येते काय आणि किती भार सोसते, या दोन्ही कसोट्यांवर एम-लॉक सरस ठरली.

धक्का कोण सोसतो?

जोडणीचे मर्म समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. सुमारे चार ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेगाने नळीबाहेर पडते. तिची प्रतिक्रिया म्हणून साडेतीन किलोची रायफल सेकंदाला एक मीटरहून अधिक वेगाने मागे येते. गोळी नळीत असते तो काळ एक सहस्रांश सेकंदाच्या आसपास असतो. इतक्या अल्पावधीत स्थिर रायफल हा वेग घेते. याचाच अर्थ तिचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे शंभरपट असतो. सव्वाशे ग्रॅमच्या दिव्यालाही तिच्याबरोबर मागे यावे लागते. त्यासाठी लागणारा जोर सुमारे साडेबारा किलो वजनाएवढा भरतो आणि तो प्रत्येक गोळीगणिक नव्याने बसतो.

रायफल मागे जाते, पण दिवा जडत्वामुळे जागीच राहू पाहतो. परिणामी रायफलीच्या दृष्टीने दिवा पुढे, नळीच्या तोंडाकडे सरकू लागतो. त्याला अडविणारे दोन मार्ग आहेत. एक, स्क्रूने आवळल्यामुळे निर्माण होणारे घर्षण. दुसरा, खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली धातूची कड. घर्षण तेल, धूळ आणि कंपने यांच्यामुळे कमी होते; भिंतीचा आधार मात्र तसा कमी होत नाही. म्हणून वस्तू खाचेत ठेवल्यावर ती प्रथम नळीच्या तोंडाकडे ढकलून कड पुढच्या भिंतीला भिडवावी व त्यानंतरच स्क्रू आवळावेत. ती मागे राहिली, तर पहिल्याच गोळीला मधले अंतर ओलांडून भिंतीवर आपटते, आणि या आपटण्यातूनच स्क्रू सैल होण्यास प्रारंभ होतो.

जोडणीचा क्रम

सर्वप्रथम मॅगझिन काढून नळीचे घर रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी व बोटाने करून घ्यावी. काडतुसे त्या खोलीतही ठेवू नयेत. त्यानंतर हँडगार्ड व लहान पट्टीची खालची बाजू पुसून तेलाचा अंश काढून टाकावा.

एम-लॉक पट्टीच्या प्रत्येक स्क्रूच्या टोकाला टी अक्षराच्या आकाराचा नट असतो. स्क्रू पुरेसा सैल करून नट खाचेच्या लांबीशी समांतर आणावा व पट्टी खाचांवर ठेवावी. स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविताच नट पाव फेरी घेऊन भिंतीच्या आत आडवा होतो. नट खरोखर आडवा झाला आहे काय, हे बाजूच्या खाचेतून पाहून घ्यावे. तो अर्धवट तिरका राहिला, तर बाहेरून सारे घट्ट भासते. प्रत्यक्षात नटाचे केवळ कोपरेच भार पेलत असतात. स्क्रूचे टोक नळीला वा वायुनलिकेला स्पर्श करीत नाही, हेही तपासावे.

मग पट्टी पुढे ढकलून दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. निर्मात्याने सांगितलेल्या पिळाइतकेच आवळणे इष्ट. त्यासाठी पीळ मोजणारा पाना वापरावा. ‘जितके घट्ट तितके चांगले’ ही समजूत येथे घातक ठरते. हँडगार्ड बहुधा ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे असते, तर स्क्रू पोलादाचा असतो. अतिरेक केल्यास आटे झिजतात किंवा प्लास्टिकला तडा जातो. आट्यांना स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा एखादा थेंब लावण्याची पद्धत आहे. परंतु तो प्लास्टिकवर सांडू देऊ नये. शेवटी स्क्रूच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. सरावानंतर रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरल्याचे तत्काळ कळते.

दिव्याची जागा

दिवा फार मागे बसविल्यास नळीची सावली प्रकाशात पडते. फार पुढे बसविल्यास बारुदाची काजळी काचेवर साचते आणि पुढचे वजन वाढून हात लवकर थकतो. म्हणून तो हँडगार्डच्या पुढच्या टोकापाशी, बाजूला किंवा तिरकस अशा जागी ठेवतात. पकड न बदलता अंगठा कळीपर्यंत पोहोचला पाहिजे. तसेच दिवा दृष्टिरेषेच्या आड येता कामा नये.

दिवा निवडताना केवळ ल्युमेनचा आकडा पाहणे पुरेसे नसते. ल्युमेन हे एकूण प्रकाशाचे माप आहे, तर एका दिशेतील तीव्रता कँडेलामध्ये मोजतात. दहा हजार कँडेलाचा झोत शंभर मीटरवर एक लक्स उजेड देतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड साधारण पाव लक्स असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ स्पष्ट होतो. धुक्यात किंवा धुरात मात्र तीव्र झोत कणांवरून परावर्तित होऊन वापरणाऱ्याचेच डोळे दिपवतो.

दिवा आणि जबाबदारी

शस्त्रावरील दिव्याचा सर्वांत मोठा धोका यांत्रिक नाही. दिवा ज्या दिशेला वळतो, त्याच दिशेला नळीचे तोंडही वळते. हातबत्ती समजून तो वापरणारा माणूस, ज्याला केवळ पाहावयाचे आहे त्याच्यावरच शस्त्र रोखत असतो. पिस्तुलावरील दिव्याची कळ दाबू जाता चाप दाबला गेल्याच्या घटना अमेरिकेतील पोलिसांत घडल्या आहेत. म्हणूनच प्रशिक्षणात दोन नियमांवर भर देतात. वाट शोधण्यासाठी, सामान तपासण्यासाठी वेगळी हातबत्ती जवळ असावी. आणि दिव्याची कळ दाबणारा हात चापाच्या हातापासून निराळा असावा. जमीन किंवा छत यांवरून परावर्तित होणाऱ्या उजेडातही खोलीतील माणूस पुष्कळदा ओळखता येतो. त्यासाठी त्याच्यावर नळी रोखण्याचे कारण नसते.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार स्वयंचलित रायफली सामान्य नागरिकांस निषिद्ध आहेत. त्यामुळे ही जोडणी येथे मुख्यतः सैन्य व पोलीस दलांच्या शस्त्रकारांचे काम आहे. त्या कामाची कसोटी अंधाऱ्या खोलीत लागते. तेथे झोत पडतो तो क्षण गोळी झाडण्याइतकाच न झाडण्याच्या निर्णयाचाही असतो. ढळलेल्या वा विझलेल्या दिव्यामुळे तो निर्णय चुकल्यास त्याची किंमत समोरच्या माणसाला मोजावी लागते. पट्टी पुढच्या भिंतीला भिडविण्याची आणि रंगाची रेघ तपासण्याची शिस्त म्हणूनच क्षुल्लक मानता येत नाही.