मेंदूचं चित्र वाचणारा संगणक : 'पॉझिटिव्ह' म्हणजे नेमकं काय?



नया नगरातल्या आमच्या नववीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, दादी जेवण झालं तरी पुन्हा जेवण मागते. आता म्हणे संगणक मेंदूचा फोटो बघून आजार ओळखतो. मग दादीचा पण ओळखेल का?" प्रश्न चांगला आहे. टप्प्याटप्प्याने उत्तर शोधूया.

1) अमायलॉइड म्हणजे काय?

1906 मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी विस्मरणाने आजारी असलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत, तिच्या मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या पाहिल्या. या गुठळ्या 'अमायलॉइड बीटा' नावाच्या प्रथिनाच्या असतात. पुढे कितीतरी वर्षं त्या खात्रीने पाहायच्या तर शवविच्छेदनच करावं लागे.

2) जिवंत माणसात त्या कशा दिसतात?

पेट स्कॅनने. अमायलॉइडला चिकटणारं किरणोत्सारी औषध अगदी थोड्या प्रमाणात शिरेतून देतात. ते जिथे साठतं तिथून येणारे किरण यंत्र टिपतं. पिट्सबर्गमध्ये तयार झालेल्या अशा पहिल्या प्रसिद्ध औषधाचे माणसांवरचे निष्कर्ष 2004 मध्ये छापून आले. त्यात कार्बन-11 होता, तो दर 20 मिनिटांनी निम्मा होतो. नंतरच्या औषधांत फ्लोरिन-18 आला, तो 110 मिनिटांनी निम्मा होतो. म्हणजे औषधाची गाडी हायवेवर कोंडीत अडकली तर औषध वाटेतच कमी होत जातं! असे अणू सायक्लोट्रॉनमध्ये बनतात. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये आपल्या मुंबईतच, परळला सुरू झाला.

3) संगणक वर्गीकरण कसं करतो?

सोपी रीत अशी: प्रत्येकाच्या मेंदूचा आकार वेगळा, म्हणून आधी चित्र एका ठरावीक नकाशावर बसवायचं. मग मेंदूच्या बाहेरच्या थरातलं औषध मोजायचं आणि त्याला अनुमस्तिष्कातल्या औषधाने भागायचं. अनुमस्तिष्कच का? कारण तिथे अमायलॉइड सहसा फारसं साठत नाही. फ्लोरबेटापिर या औषधासाठी संशोधनात 1.11 ही सीमा बरीच वापरली गेली आहे. भागाकार त्याच्या वर गेला की 'पॉझिटिव्ह', खाली राहिला तर 'निगेटिव्ह'.

दुसऱ्या रीतीत तज्ज्ञांनी आधी वाचलेली शेकडो चित्रं संगणकाला दाखवतात. त्यांतून फरक तो स्वतः शिकतो.

4) आता गणित करू

समजा, यंत्र खरे 100 पॉझिटिव्ह असतील तर 90 ओळखतं आणि 100 निगेटिव्हपैकी 10 जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणतं. (आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.)

वस्तीतले 1000 वृद्ध, त्यांत अमायलॉइड असलेले 200. यंत्र म्हणेल: 180 बरोबर + 80 चूक = 260 पॉझिटिव्ह. म्हणजे जवळपास दर तिघांत एक चूक!

आता विस्मरणाच्या दवाखान्यात आलेले 1000, त्यांत अमायलॉइड असलेले 600. तर 540 बरोबर + 40 चूक. चूक चौदा-पंधरांत एक.

यंत्र तेच, पण समोर कोण उभं आहे यावर उत्तराचं वजन ठरतं. म्हणून सरसकट सगळ्यांचा स्कॅन करत नाहीत.

5) दोन गोष्टी विसरू नका

एक, अमायलॉइड सापडणं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. ज्यांची स्मरणशक्ती ठणठणीत आहे अशा बऱ्याच वृद्धांच्या मेंदूतही ते असतं. यंत्र 'अमायलॉइड आहे का' एवढंच सांगतं. 'दादी का विसरते' हे सांगत नाही.

दोन, यंत्र जे पाहतं तेच शिकतं. 2004 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'अ‍ॅडनी' प्रकल्पाची चित्रं जगभर वापरली जातात. त्यात बहुतेक लोक गोरे आणि भरपूर शिकलेले. आपल्या भागातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजीसाठी ते यंत्र वापरण्याआधी आपल्याकडच्या लोकांवर तपासून घ्यायला हवं.

6) मग दादीचं काय?

मी तिला सांगितलं, "बेटा, स्कॅन नंतर. आधी अब्बांना सांग, दादीला डॉक्टरांकडे न्या." बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, काही औषधं, यांनीही माणूस विसरल्यासारखा वागतो, आणि यांवर उपाय करता येतात. साध्या रक्ततपासणीने यातलं काही कळतं. 'म्हातारपणी असंच होतं' म्हणून बसून राहणं ही यंत्राच्या चुकीपेक्षा मोठी चूक आहे.

स्वाध्याय

1) 1000 पैकी फक्त 50 जणांत अमायलॉइड असेल, तर वरच्याच यंत्राचे किती पॉझिटिव्ह चूक निघतील?
2) यंत्राने सीमा 1.11 ऐवजी वर नेली, तर कोणती चूक वाढेल आणि कोणती कमी होईल? कारण लिहा.