डोंगरउतारावरील भांग : वाख, बी आणि परवाना

गढवाल-कुमाऊंच्या डोंगरउतारांवर भांगेचे पीक फार जुने आहे. तेथे सालीच्या वाखाचे दोर वळतात व भाजलेल्या बियांची चटणी करतात.

लागवड : जमीन निचऱ्याची लागते. पेरणी एप्रिल-मेमध्ये करतात. वाखासाठी दाट, बियांसाठी विरळ. दिवस लहान होऊ लागले की फुलोरा येतो. नर व मादी झाडे वेगळी असतात. पराग सांडल्यावर नर झाडे काढतात, मादी झाडे बी पक्व होईपर्यंत राखतात. काड्या अंबाडीप्रमाणे पाण्यात कुजवून वाख सोलतात.

बियाणे : परागीभवन वाऱ्याने होते. भोवतीच्या रानटी भांगेचे पराग पडल्यास घरच्या बियांपासून येणाऱ्या पिकात टीएचसी हा मादक घटक वाढू शकतो. उत्तराखंडात परवान्याच्या पिकास त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. म्हणून दरवर्षी खात्रीचे बियाणे हवे.

महत्त्वाचे : १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात वाख व बियांसाठी लागवडीस सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये असा परवाना दिला. विनापरवाना लागवडीस मात्र १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कोणी बियाणे देऊन खरेदीची हमी दिली, तरी आधी आपल्या गट नंबरचा लेखी सरकारी परवाना पाहावा. शेतात उभ्या पिकाचा जाब प्रथम शेतकऱ्यालाच द्यावा लागतो.