धरणाखालचं होस्टेल

धरण म्हटलं की आपल्याला कोयना, जायकवाडी आठवतात. पण सिव्हिलच्या सेमिनारसाठी मी निवडलं ते जेमतेम ३८ फूट उंच, मातीचं आणि चक्क एका कॉलेजच्या मालकीचं! अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण. त्याच्या खालच्या अंगाला टोकोआ फॉल्स बायबल कॉलेज, होस्टेलसकट.

१८९९ च्या जुन्या बांधावर १९३७ पासून मातीचा भराव चढत गेला. त्या पाण्यावर कॉलेज वीज तयार करायचं. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद झाली आणि तलाव फक्त सहलीपुरता उरला. माझ्या मते धोका इथूनच वाढला. कामाच्या धरणाकडे रोज कुणीतरी बघतं, शोभेच्या धरणाकडे कोण बघणार? भरावावर झाडं माजली. खालचा उतार आधीच फार खडा, त्यावर एकदा माती घसरलेलीही होती. ६ नोव्हेंबर १९७७, रात्री दीडचा सुमार. चार दिवसांच्या मोठ्या पावसानंतर धरण फुटलं. मुलांच्या होस्टेलच्या तळमजल्यात पाणी घुसलं. एकूण ३९ माणसं गेली, त्यात २० लहान मुलं. चौकशीत एकच एक कारण सापडलं नाही. खडा उतार घसरला आणि आतल्या पाझराने त्याला हातभार लावला, हीच शक्यता जास्त वाटली.

हे वाचताना मला सारखा मामाचा बांध दिसत होता. आजोबांनी ओढ्यावर स्वखर्चाने घातलेला, बारा-एक फुटांचा. त्याच्या जिवावर मामाचा हरभरा-गहू होतो, खालच्या विहिरी मार्चपर्यंत टिकतात, गुरांना पाणी मिळतं. उपयोगाबद्दल वादच नाही. पण दिवाळीत गेलो तर सांडव्यात मामाने वाळूची पोती रचलेली, फूटभर जास्त पाणी अडावं म्हणून! म्हटलं, "मामा, पुराला वाट कुठे ठेवलीत? पाणी माथ्यावरून गेलं तर माती तासाभरात कापली जाईल." मामा म्हणाला, "तुझ्या जन्माआधीपासून उभा आहे तो."

मामाच्या मते बाभळी माती धरून ठेवतात. गवत धरतं, हे खरं. पण मोठं झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयतं बोगदं मिळतं. (नुसतं तोडून खोड ठेवलं तरी तेच. मुळं काढून खड्डा थराथराने ठोकून भरावा लागतो.) पायथ्याशी ओल होती. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतोच. पाहायचं ते पाणी स्वच्छ येतं की गढूळ. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे. यालाच आपण परीक्षेत 'पायपिंग' लिहून दोन मार्क मिळवतो.

आपल्याकडचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमध्ये लांबी, साठा वगैरे अटी आहेत. केली बार्न्सची उंची साडेअकरा मीटर, साठा दहा लाख घनमीटरच्या आतला. नुसत्या या आकड्यांवर तेही त्यात बसलं नसतं. मामाचा बांध तर कुठेच नाही.

निघायच्या दिवशी आम्ही दोघांनी पोती काढली. मामा दिवसभर फुरंगटलेला होता. पायथ्याच्या ओलीत मी एक बाटली पुरून आलोय, पाझराचं पाणी धरायला. दर रविवारी मामेबहीण ती उजेडात धरून बघते आणि फोनवर रंग सांगते. काल म्हणाली, "दादा, अजून नितळच आहे."