मंत्रचळ : ओळख आणि उपचार
बारडोलीच्या ऊसपट्ट्यात धुळे-नंदुरबारकडील तोडणी मजुरांचे पडाव पडतात. तेथे पाणी बेताचेच. अशा ठिकाणी कोणी तासभर हात धूत बसल्यास त्यास कामचुकार अथवा बाहेरच्या बाधेचा ठरविले जाते. वस्तुतः तो मंत्रचळाचा रोगी असू शकतो. सोवळे पाळणारा मनुष्य स्नान आटोपून कामास लागतो. मंत्रचळ्याची शंका मात्र फिटत नाही. कडी पुनःपुन्हा तपासणे, अभद्र विचार टाळण्यासाठी आकडे मोजणे, हीही याचीच लक्षणे होत. कृती निरर्थक आहे हे बहुधा त्यास कळते, म्हणूनच तो ती लपवितो.

फ्लुओक्सेटीनसारख्या औषधांचा गुण येण्यास ८ ते १२ आठवडे लागतात. गुण आल्यावरही ती किमान वर्षभर घ्यावी लागतात. जोडीला हात न धुता अस्वस्थता ओसरू देण्याचा सराव तज्ज्ञ करवून घेतात. घरच्यांनी मायेपोटी वारंवार ग्वाही दिल्यास शंका बळावतेच.

हंगामासाठी गाव सोडताना उपचार खंडित होऊ नयेत, यास्तव डॉक्टरांची चिठ्ठी व औषधे सोबत न्यावीत. सुरतेच्या नवीन सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून व गुजरातीतून विनामूल्य सल्ला मिळतो.