अण्णांची फियाट, पुण्याचं चलान

मार्च महिना. वसमतच्या मोंढ्यात हळदीची बोली चालू होती आणि माझ्या मोबाइलवर पुण्याहून चलान आलं. सिग्नल तोडल्याचं. दोन वर्षांत मी पुण्याला फिरकलो नव्हतो. फसवाफसवीचा मेसेज असणार म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी भाच्यानं सरकारी ॲपवर नंबर टाकून पाहिला तर फोटोच निघाला. झेब्रा पट्टे ओलांडून उभी असलेली पांढरी फियाट. अण्णांची. मी चार महिन्यांपूर्वी विकलेली.

पैसे खात्यावर आले होते, किल्ली देऊन झाली होती, पेढेही वाटले होते. राहिलं होतं ते फक्त आरसीवरचं नाव. घेणारे गृहस्थ सज्जन. "फॉर्म २९ अन् ३० वर सह्या करून द्या, तिकडे गेलो की करून घेतो," म्हणाले आणि मी दिल्या. चलानाचं काय, किरकोळ रक्कम. पण त्या जागी अपघात असता तर? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगून टाकलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईला जबाबदार तोच. त्यातली गाडी २००७ मध्येच विकलेली होती, मग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत गेली, अपघात झाला २००९ मध्ये. तरी बोजा आला नोंदीतल्या मालकावर. तेव्हा फॉर्मवर नुसत्या सह्या करून मोकळे होऊ नका. घेणाऱ्याबरोबर स्वतः बसून अर्ज भरा आणि आरसीवरचं नाव बदलेपर्यंत गाडी अंगणातून हलू देऊ नका.

माझी गाडी खरं तर याच्या कितीतरी आधी अडली होती.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, १९८४ चं मॉडेल. वालचंदांच्या कंपनीनं १९७४ मध्ये नाव पद्मिनी केलं, पण आमच्याकडे सगळे शेवटपर्यंत फियाटच म्हणाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, अडत्या. डिकीत कायम हळदीच्या नमुन्याच्या पिशव्या, त्यामुळे आतलं अस्तर पिवळंजर्द झालेलं. २०१६ मध्ये ते गेले आणि गाडी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. एक दिवस वाटलं, अण्णांची आठवण आहे, नीट करू. खर्च वाढत गेला तसं वाटलं, नीट करून विकू. या दोन वाक्यांमध्ये माझे दीड लाख गेले. ठेवायच्या गाडीवर हौसेनं खर्च करावा, विकायच्या गाडीवर हिशेबानं. मी हौसेनं खर्च केला आणि हिशेबाला नंतर बसलो.

पहिल्याच दिवशी डेंटरनं दाराखालच्या पट्टीला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. "भाऊ, ह्याच्यात पत्रा कुठाय? रंगच उभा हाय." पट्टी कापल्यावर आतून पसाभर माती, गंजाचा भुगा आणि त्यात हळद निघाली. जीपसारखी वेगळी चासी या गाडीला नसते. खालचा पत्रा आणि बाजूच्या पट्ट्या हाच तिचा सांगाडा. तिथं पुट्टी भरली तर गाडी चकाचक दिसते आणि दोन-चार खड्डे खाल्ले की दारं लागेनाशी होतात. जुनी पद्मिनी बघायला गेलात तर बोनेट नंतर उघडा, आधी पायाखालचं मॅट उचला. खिशात लोहचुंबक ठेवा, पुट्टीवर ते चिकटत नाही.

मी पत्रा कापून नवा बसवला, तेवढं बरं केलं. पण जोशात येऊन पिवळं अस्तर फेकलं, काळं कार्पेट टाकलं आणि मूळ राखाडीवर पांढरा रंग मारला. पुढे एक जाणकार गाडी बघायला आला, त्यानं सगळ्यात आधी डिकी उघडली. "जुनं काय काय काढलंत?" मी अभिमानानं यादी सांगत गेलो आणि त्याचा आकडा खाली येत गेला.

इंजिनाची गोष्ट याहून वाईट. मूळ ब्लॉक स्लीव्ह टाकून वाचला असता. गॅरेजवाला म्हणाला, भंगारातला दुसरा स्वस्तात मिळतो. बसवला. हाही १०८९ सीसी, तोही १०८९, चालायला झकास. पण इंजिनाचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. तपासणीच्या वेळी नंबराची पेन्सिल छाप घेतली तर आरसीवर एक, गाडीत दुसरा. ब्लॉकची पावती नाही, तो कोणाच्या गाडीतला तेही माहीत नाही. चोरीचा निघाला असता तर मी पोलीस ठाण्यात. जुना ब्लॉक गॅरेजच्या मागे पडून होता हे माझं नशीब. तो आणला, स्लीव्ह टाकली, पुन्हा बसवला. एकाच कामाची मजुरी दोनदा.

आणि रंग वाळल्यावर लक्षात आलं, गाडी अजून अण्णांच्याच नावावर आहे! मालक वारला की ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, असा नियम. आम्ही आठ वर्षं झोपलो. शिवाय गाडी नोंदवली तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा, एमएच-३८ त्यानंतरचं. तीन अक्षरांचा जुना नंबर, पुस्तकातली आरसी. ती आधी संगणकावर चढवावी लागली. मग नूतनीकरण, ते पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी असतंच, आणि वर पर्यावरण कर. कारच्या नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. हे आकडे रंगाचा डबा उघडायच्या आधी मांडायचे असतात.

'व्हिंटेज आहे, सवलत मिळेल' असं चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी सांगतोच. केंद्राच्या २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी. ती रोज वापरताही येत नाही. माझी पद्मिनी २०३४ पर्यंत नुसतीच जुनी. खर्च झाला ३ लाख ४०, विकली गेली १ लाख ९० ला. एक जण सव्वादोन लाख रोख मोजायला तयार होता. दोन लाख किंवा त्यावर रोख घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढा दंड, म्हणून हात जोडले.

वारसांच्या संमतीसाठी परभणीला ताईकडे गेलो. तिनं कागद बाजूला सारला. "विकायचं मला आत्ता कळतंय होय रे?" सही केली, पण अट घातली: एकदा औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला याच गाडीतून ने. मे महिन्याचं ऊन. औंढ्याच्या अलीकडे गाडीनं आचके दिले आणि बंद पडली. मी बोनेट उघडून नुसता बघत उभा. ताई उतरली, पिशवीतला नॅपकिन बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि इंजिनाच्या पेट्रोल पंपाला गुंडाळला. उन्हात पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचत नाही, हे तिला ठाऊक होतं. अण्णांबरोबर पुढच्या सीटवर ती बसायची, मी मागे झोपलेला असायचो. दहा मिनिटांत गाडी चालू. (पंपाचा रबरी पडदा मात्र नवा टाकून घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही.)

चलान आलं त्याच रात्री मी पुण्याला फोन लावला. गृहस्थ ओशाळले, पुढच्या आठवड्यात स्वतः आले आणि नाव बदलून गेले. एप्रिलच्या शेवटी भर दुपारी त्यांचाच फोन. खंबाटकी घाटात गाडी बंद पडली होती, आणि रस्त्यावरचा मेकॅनिक इंजिन उतरवायचं म्हणत होता.

"काही उतरवू नका," म्हटलं. "प्यायचं पाणी आहे ना जवळ?"