मीना नदीचे खोरे

जुन्नर भागात नदीच्या खोऱ्याला ‘नेर’ म्हणतात. कुकडीचे ते कुकडनेर, मीनेचे ते मीननेर. ढाकोबाच्या पूर्व उतारावर उगम पावलेली मीना वडज, नारायणगाव या गावांवरून वाहत आंबेगाव तालुक्यातील पारगाव येथे घोड नदीस मिळते. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नारायणगावच्या बंधाऱ्याचीही नोंद आढळते.

उगमाकडे मुसळधार पाऊस आणि भातखाचरे. नारायणगावाच्या पुढे पाऊस विरळ, परंतु द्राक्षे, टोमॅटो आणि ऊस. हा विरोधाभास पाण्याच्या साठवणुकीतून निर्माण झाला आहे. काळा बेसाल्ट पाणी फारसे मुरू देत नाही, म्हणून पावसाळ्यात दुथडी वाहणारी नदी लवकर ओसरते. नदी आटली असे आपण म्हणतो, तेव्हा काही पाणी घोडेकडे गेलेले असते, काही वडज धरणात अडलेले असते आणि काही मुरमातून काठच्या विहिरींत उतरलेले असते. आदिवासी पाड्यांच्या तीव्र उतारांवर मात्र ते थांबत नाही. सर्वाधिक पाऊस झेलणारी माणसे मे महिन्यात हंड्यासाठी वणवण करतात.

पाठ्यपुस्तकातील भूगोल येथे थांबतो. विहीर कोणाच्या जमिनीत आहे, हे तो विचारत नाही. श्रावणातील नदी साऱ्या गावाची. वैशाखातील नदी ज्याच्या नावावर सातबारा, त्याची. ज्यांना जमीनच नव्हती, त्यांनी वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरावे, हा महाराष्ट्रातील अनेक गावांचा रिवाज होता. सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक खर्चाचे पाणवठे सर्वांना खुले केले आणि १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी तो हक्क प्रत्यक्ष बजावला. खाजगी विहीर मात्र त्या ठरावाच्या कक्षेबाहेरच राहिली.

याच परिसरात पाण्याचा दुसराही विचार झालेला दिसतो. जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडी डोंगरावर, नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याच्या शके ४६, म्हणजे इ. स. १२४ च्या लेखात मंडपाबरोबर ‘पोढी’चे, अर्थात पाण्याच्या टाक्याचे दान नोंदले आहे. पावसाचे पाणी कातळात साठवून ते भिक्खुसंघास द्यावे, हे त्या काळी पुण्यकर्म मानले जाई.

आमच्या भूगोलाच्या तासाला विद्यार्थी आपापल्या गावचा नकाशा काढतात. पालकांनी त्यात एक भर घालावी : एप्रिलमध्ये पाणी असणारी प्रत्येक विहीर दाखवून तिच्याशेजारी तेथे पाणी कोण भरते, ते लिहवून घ्यावे.