फुकटची हवा, विकतचा दाब

सायकलचा पंप आपण सर्वांनी मारला आहे. चाक भरून झाले की पंपाचे खालचे टोक हाताला लावून पाहा. चटका बसतो. हा चटका आला कोठून? हवा दाबली की ती तापते. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा. आजचा सगळा धडा तिच्यावरच उभा आहे.

कारखान्यांत दाबलेली हवा फार लागते. इचलकरंजीच्या एअरजेट मागावर आडवा धागा हवेच्या झोतानेच फेकतात. दूध-कारखान्यात पिशव्या भरणारी यंत्रे हवेच्या जोरावर हलतात. हवा दाबणाऱ्या यंत्राला कॉम्प्रेसर म्हणतात. तो बहुधा विजेवर चालतो. त्याची हवा आधी टाकीत साठते आणि मग नळ्यांतून यंत्रांकडे जाते.

निवृत्त झाल्यावर आम्ही रात्रीचा प्रौढवर्ग चालवीत असू. त्या वर्गात शिकलेला एक गडी पुढे एका दूध-कारखान्यात कॉम्प्रेसरवर लागला. एकदा आम्ही त्याला भेटायला गेलो. दुपारची वेळ होती. पिशव्या भरण्याचे काम थांबले होते. सारी यंत्रे उभी होती. तरी कॉम्प्रेसर मधून मधून जोर धरी. नळ्यांतून साप फुत्कारावा तसा आवाज येई.

आम्ही विचारले, “हा आवाज कसला रे?”

“हवा गळतीया, गुरुजी. हवाच ती. फुकटची हाय. गेली तर काय बिघडलं?”

“हवा फुकटची, पण दाब विकतचा आहे बाबा. विजेचे बिल कोण भरतो?”

“कारखाना.”

“आणि कारखाना चालतो कुणाच्या दुधावर?”

तो गप्प झाला. त्याच्या घरचे दूधही तिथेच जात होते.

मग आम्ही दोघांनी घड्याळ पुढे ठेवले. १० मिनिटांत कॉम्प्रेसर किती वेळ जोर धरतो ते त्याने पेन्सिलीने कागदावर टिपले. बेरीज ३ मिनिटे आली. एकही यंत्र चालू नव्हते. म्हणजे १० पैकी ३ वाटे हवा नुसती गळत होती. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तशी गत झाली!

एका भोकाचा हिशेब पाहा. नळीला बाजरीच्या दाण्याएवढे, म्हणजे ३ मिलिमीटरचे, भोक आहे. हवेचा दाब ७ बार आहे. एवढ्याशा भोकापायी सुमारे ३ किलोवॅट वीज वाया जाते. विहिरीवरची ३ हॉर्सपॉवरची मोटर चालावी, तितकी ही वीज झाली. तासाला ३ युनिट. दिवसाला २० तास धरले तर ६० युनिट. महिन्याला १८०० युनिट. युनिटला ८ रुपये धरा. महिन्याला १४,४०० रुपये हवेत गेले!

त्या गड्याने साबणाचे पाणी केले आणि जोडाजोडावर लावले. जिथे फुगे आले तिथे खूण केली. प्रत्येक जागा वहीत लिहिली. यादी साहेबांपुढे ठेवली. नवा, मोठा कॉम्प्रेसर घ्यायचा त्यांचा विचार चालला होता, कारण हवा पुरत नव्हती. आधी गळती बंद केली. जुन्याच कॉम्प्रेसरची हवा पुरू लागली!

दाबही गरजेपुरताच ठेवावा. यंत्राला ६ बार पुरत असेल तर ७ कशाला? ७ चा दाब ६ वर आणला तर वीज साधारण शेकडा ६ ते ७ ने कमी लागते. काम नसेल तेव्हा कॉम्प्रेसर बंद करावा. रिकामा फिरला तरी तो वीज खातोच. हवेची मागणी सारखी कमीजास्त होत असेल, तर मोटरीची गती मागणीप्रमाणे बदलणारा ड्राइव्ह बसवितात. आत ओढली जाणारी हवा थंड व स्वच्छ असावी. गरम हवा दाबायला वीज जास्त लागते.

आता चटक्याकडे वळू. कॉम्प्रेसरला १०० युनिट वीज दिली तर ८० हून अधिक युनिटांची उष्णताच होते. त्या कारखान्यात पंखे लावून ती बाहेर फेकत होते. आणि शेजारच्याच खोलीत दुधाचे कॅन धुवायला पाणी तापवीत होते. त्यासाठी जळण विकत येत होते! एका दाराने उष्णता हाकलायची आणि दुसऱ्या दाराने विकत आणायची, असा तो कारभार होता.

याला उपाय आहे. आजचे पुष्कळ कॉम्प्रेसर तेलाने थंड करतात. तेल तापून ८० अंशांच्या आसपास जाते. ते तेल धातूच्या पत्र्यांच्या एका बाजूने फिरवितात आणि थंड पाणी दुसऱ्या बाजूने. पत्रा मध्ये असतो म्हणून दोन्ही मिसळत नाहीत. पाणी मात्र तापते. ६० अंशांपर्यंतचे पाणी सहज मिळते. ते धुण्याला किंवा बॉयलरला देता येते. पुढे त्या कारखान्याने ही सोय केली. तेव्हापासून जळण कमी लागू लागले.

एक इशारा. दाबलेल्या हवेने अंगावरचे कपडे झटकू नका. ती हवा डोळा फोडू शकते. कातडीतून शरीरात शिरली तर जीवही जाऊ शकतो. तिच्याशी थट्टा नको.

वाचकहो, तुमचा मुलगा कारखान्यात असेल, तुम्ही स्वतः असाल. कान उघडा ठेवा आणि वही जवळ ठेवा. गळती कानाला कळते, पण ती थांबते कागदावर लिहिल्यावर. अक्षर शिकलो ते याचसाठी.

सांगा पाहू :
१. पंपाचे टोक गरम का होते?
२. यंत्रे बंद असताना गळती कशी मोजावी?
३. १० मिनिटांत कॉम्प्रेसरने २ मिनिटे जोर धरला. शेकडा किती हवा गळते?
४. कॉम्प्रेसरची उष्णता कोठे वापरता येईल?